दोन पोढ्या व एक भोजनमंडप

दोन राष्ट्रांच्या मैत्रीचा उत्सव करावयाचा म्हटलें म्हणजे राजधानींत सभा भरते, ध्वज शेजारीं शेजारीं लागतात आणि करारांच्या तारखा वाचून दाखविल्या जातात. भारत व ग्रीस यांच्या आधुनिक दौत्यसंबंधांस १९५० सालीं आरंभ झाला व २०२५ सालीं त्यांस ७५ वर्षें पूर्ण झालीं. अशा प्रसंगीं दिल्लीचें व अथेन्सचें नांव सर्वांच्या तोंडीं यावें हें योग्यच आहे. परंतु भीमाशंकराच्या वाटेवरील शिनोलीसारख्या गांवीं बसून या मैत्रीचा विचार करूं लागलों म्हणजे आमची दृष्टि अगोदर जुन्नरच्या डोंगरांकडे वळते. घोड नदीचें खोरें सोडून, मीना ओलांडून कुकडीकांठीं गेलें कीं या स्नेहाचा असा एक पुरावा दृष्टीस पडतो, कीं ज्यावर कोणत्याहि राजाची मुद्रा नाहीं.

जुन्नरच्या सभोंवारच्या डोंगरांत १५० हून अधिक लेणीं कोरलेलीं आहेत. त्यांतील शिलालेखांपैकीं तीन यवनांचे आहेत. इरिल नांवाच्या यवनानें शिवनेरीच्या लेण्यांत दोन ‘पोढ्या’, म्हणजे पाण्याचीं दोन टाकीं, दान दिलीं. त्याच डोंगरांत चिट नांवाच्या यवनानें भिक्षुसंघास भोजनमंडप दिला. मानमोडीच्या डोंगरांत चंद नांवाच्या यवनानें लेण्याच्या दर्शनी भागाचा खर्च सोसला. हे लेख इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतील आहेत. त्यांत स्तुति नाहीं, वंशावळ नाहीं. कोणीं काय दिलें एवढेंच एका ओळींत सांगितलें आहे.

‘यवन’ हा शब्द मूळचा आयोनियांतील ग्रीकांवरून आलेला. पुढें पश्चिम समुद्राकडून येणाऱ्या इतर लोकांसहि तो लागूं लागला. म्हणून इरिल किंवा चिट हे खुद्द अथेन्सचेच रहिवासी होते असा आग्रह आम्ही धरीत नाहीं. त्यांच्या लेखांची भाषा प्राकृत व लिपि ब्राह्मी आहे. चंदाचें नांव तर सरळ आपल्या वळणाचें आहे. नाशिकच्या लेण्यांत ज्यानें लेणें, चैत्यगृह व पोढ्या दिल्या, तो दत्तामित्रीचा यवन आपणांस इंद्राग्निदत्त व आपल्या पित्यास धर्मदेव म्हणवितो. कार्ल्याच्या चैत्यांतील अनेक स्तंभ धेनुकाकटाच्या यवनांनीं दिलेले आहेत. या सर्वांनीं येथील भाषा उचलली, परंतु आपण यवन आहों हें लपविलें नाहीं. आणि ज्यांच्या भिंतींवर तें कोरलें गेलें त्या भिक्षूंसहि त्यांत कांहीं विटाळ वाटला नाहीं. आमच्या मतें या लेखांचें खरें मोल येथेंच आहे.

हे लोक येथवर आले ते व्यापाराच्या ओढीनें. सोपारें व कल्याण या बंदरांवर उतरलेला माल नाणेघाटानें वर चढे व जुन्नरवरून पैठणाकडे जाई. घाटमाथ्यावरील लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिच्या यज्ञांचा व दानांचा लेख आहे. जवळचा दगडी रांजण जकातीचा म्हणून लोक दाखवितात. व्यापारी घाटांत जकात भरतो ती भरावीच लागते म्हणून. पोढी मात्र कोणी मागितलेली नव्हती. घाटमाथ्यावर पाऊस उदंड, पण चैत्र-वैशाखांत घोटभर पाण्यासाठीं वणवण, हा अनुभव आमच्या या भागास परका नाहीं. आज शिनोलीजवळ डिंभ्याचें धरण आहे. तेव्हां कातळांत सांठविलेलें पाणी हाच आधार होता. परक्या मुलुखांत लोकांस काय हवें आहे हें त्या यवनानें ओळखलें.

राजदरबारांचा संबंध याच्याहि पूर्वींचा आहे. सेल्यूकसाचा वकील मेगॅस्थेनीस चंद्रगुप्ताकडे आला होता. अशोकानें आपल्या तेराव्या शिलालेखांत अंतियोक, तुरमाय, अंतेकिन, मग व अलिकसुदर अशा पांच ग्रीक राजांचीं नांवें घेतलीं. दुसऱ्या लेखांत तो सांगतो, कीं अंतियोकाच्या व त्याच्या शेजारच्या राज्यांतहि आपण माणसांच्या व जनावरांच्या औषधोपचाराची व्यवस्था केली, वाटांवर विहिरी खणविल्या व झाडें लावविलीं. अशोकाच्या आठव्या लेखाचा एक तुकडा १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस आमच्याच कोंकणकिनाऱ्यावर, सोपाऱ्यास, सांपडला. महावंसाप्रमाणें याच अपरान्तांत धर्माचा उपदेश करण्यास पाठविलेला भिक्षु धम्मरक्खित हा यवन होता. पुढें तक्षशिलेचा हेलिओदोर, अंतलिकित राजाचा वकील म्हणून विदिशेस आला व तेथें त्यानें वासुदेवाचा गरुडध्वज उभारला. भारताच्या राजानें ग्रीकांच्या मुलुखांत विहिरी खणविल्याचें सांगावें आणि कांहीं शतकांनीं यवनानें शिवनेरीच्या कातळांत पोढ्या द्याव्या! एकाचें ऋण दुसऱ्यानें जाणून फेडलें असें म्हणण्यास आधार नाहीं. परंतु दोघांसहि एकच दान सुचलें हें विसरवत नाहीं.

याचा अर्थ त्या काळीं सर्व गोडीगुलाबीच होती असा मात्र कोणी करूं नये. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्री आपल्या पुत्राचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, गौरव शक, यवन व पल्हव यांचा संहार करणारा म्हणून करिते. तांबड्या समुद्राच्या व्यापाराचें वर्णन करणारा पहिल्या शतकांतील अज्ञात ग्रीक लेखक तक्रार करितो, कीं कल्याणास चुकून लागलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचेस नेलीं जातात. म्हणजे राजांच्या चढाओढीचा त्रास व्यापाऱ्यांस तेव्हांहि होत होताच. परंतु एका डोंगरांत यवनांच्या संहाराची कीर्ति कोरली जात असतां दुसऱ्या डोंगरांत यवनाच्या दानाचें नांवहि जपलें जात होतें. एक अक्षर खोडून दुसरें लिहावें असें कोणासहि वाटलें नाहीं.

कोणी म्हणेल, हें दान पुण्याच्या लोभानें झालें. त्यांत मैत्री कसली? पुण्याचा लोभ आम्हीहि नाकारीत नाहीं. पण परक्याच्या धर्मांत पुण्य आहे असें मानणें, त्याच्या पंगतीसाठीं मंडप घालणें, ही मैत्रीची लहान पायरी नव्हे. वकील परत जातात, राज्यें बुडतात, करारांस नवे करार करावे लागतात. भारत व ग्रीस यांनीं २०२३ सालीं आपल्या संबंधांस सामरिक भागीदारीचें रूप दिलें. तें टिकावें अशी आमची इच्छा आहे. परंतु तें टिकेल तें दोन्हीकडच्या सामान्य माणसांनीं एकमेकांच्या तहानेची व भुकेची विचारपूस ठेवली तरच.

शिवनेरीवर दरवर्षीं सहस्रावधि लोक जातात, आणि १६३० सालीं जेथें शिवराय जन्मले तेथें मस्तक नमविल्यावांचून कोणी परतत नाहीं. त्याच डोंगराच्या कड्यांतील लेण्यांकडे मात्र थोडीच पावलें वळतात. पुढच्या खेपेस आमच्या वाचकांनीं मुलांस घेऊन तेथवर जावें, झिजत चाललेलीं तीं अक्षरें त्यांस दाखवावीं व सांगावें, कीं फार दूरच्या देशचा एक मनुष्य येथें आला होता आणि त्यानें आपल्या लोकांस पाणी दिलें.