पाणचक्की : मुसाफिरांच्या निवाऱ्याचा इतिहास

औरंगाबाद म्हटले की बीबी का मकबरा आणि पाणचक्की ही दोन नावे पाठोपाठ येतात. खाम नदीच्या काठी, महमूद दरवाज्याजवळ पर्यटक तिकीट काढून आत जातात, उंचावरून हौदात कोसळणारे पाणी पाहतात, जुन्या वडाखाली विसावतात आणि परततात. चक्की पाण्यावर कशी फिरते हे मार्गदर्शक हौसेने सांगतो. पण ही चक्की दळत कोणासाठी होती, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर हाच या वास्तूचा खरा इतिहास आहे.

मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी वसवली आणि डोंगरातले पाणी नहरींनी गावात आणले. पुढे शाहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना खडकीचे औरंगाबाद झाले. (२०२३ पासून या शहराचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे.) सतराव्या शतकाच्या अखेरीस बादशहा स्वतः फौजेनिशी दख्खनेत उतरला, तेव्हा शहराचे रूपच पालटले. शिपाई, कारागीर, व्यापारी, दरवेश, नोकरीच्या शोधात आलेले परदेशी असा मोठा लोंढा इथे आला. यातल्या कित्येकांना ना घर होते, ना गोत.

याच लोंढ्यातून मध्य आशियातले दोन नक्शबंदी सूफी औरंगाबादेशी जोडले गेले. पहिले बाबा पलंगपोश. ते गाजीउद्दीन खान फिरोजजंग याच्या लष्कराबरोबर फिरत. १६९९ मध्ये त्यांचे निधन झाले. दुसरे त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर. हे बुखाऱ्याजवळच्या गिझदुवानचे. दूरवर भटकंती करून ते औरंगाबादला स्थिरावले आणि इथेच त्यांनी तकिया उभारला. ज्याचे नावच मुसाफिर, त्याने आपल्या दाराशी आलेल्या मुसाफिरांची सोय केली, हा केवळ शब्दांचा योगायोग नव्हे. परक्या मुलखात रात्र कुठे काढायची ही चिंता त्यांनी स्वतः भोगलेली होती.

तकिया या शब्दाचा मूळ अर्थ टेकण्याची जागा, उशी. थकल्या माणसाने पाठ टेकावी, अशी ती जागा. कबरस्तानाला जोडून असलेली फकिराची झोपडी एवढाच अर्थ आज आपल्या बोलीत उरला आहे. त्या काळी तकियात राहायला जागा, दोन वेळचे अन्न आणि बरोबर चार शब्द धीराचे मिळत. या दोन्ही बुजुर्गांची हकीकत शाह महमूद यांनी फारसीत लिहिली. ‘मलफूजात-ए-नक्शबंदिया’ या नावाने ती ओळखली जाते, आणि सायमन डिग्बी यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथात बादशहा आणि सरदार येतात, पण त्याची पाने खऱ्या अर्थाने भरली आहेत ती येत्याजात्या शिपायांनी, दरवेशांनी आणि हजला निघालेल्या प्रवाशांनी.

बाबा मुसाफिर यांच्यानंतर गादीवर आलेले हेच शाह महमूद. पीराची करामत सांगून ते थांबले नाहीत, त्यांनी बांधकाम काढले. मशीद, मदरसा, कचेरी, सराई, जनान्याची घरे असा सारा परिसर उभा राहिला. १७४४ च्या सुमारास जमील बेग खान याच्या पुढाकाराने कित्येक मैलांवरच्या डोंगरातून नहर आणली गेली. जमिनीखालून मातीच्या नळांतून पाणी यायचे, ते उंच भिंतीवर चढवले जायचे आणि तिथून खाली सोडले जायचे. त्याच्या जोरावर चक्की फिरे. ते पीठ तकियातल्या दरवेशांच्या, यात्रेकरूंच्या आणि गोरगरिबांच्या भाकरीसाठी होते. हौदाच्या तळाखालीच दालन काढलेले आहे. डोक्यावर पाणी असल्याने भर उन्हाळ्यातही ते थंड राहते.

इथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. लंगर एक दिवस चालवायला उत्साह पुरतो. तो वर्षानुवर्षे चालवायचा तर रोज पीठ लागते, आणि जात्यावर एवढे दळण दळायचे तर कित्येक हातांचा घाम लागतो. शाह महमूद यांनी हे काम पाण्यावर सोपवले. दाता आज आला, उद्या आला नाही, तरी चक्की फिरत राहावी, अशी ही तजवीज होती. दानधर्म आणि व्यवस्था यांतला फरक पाणचक्कीइतका स्पष्ट क्वचितच कुठे दिसतो.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. तकियाला मदत करणारे अनेकजण लष्करी सरदार होते. ज्या दीर्घ युद्धाने दख्खनची गावे उजाड झाली, त्याच युद्धात त्यांनी दौलत कमावली. १७०२ ते १७०४ या वर्षांत दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. बेघर करणारे हात आणि घास देणारे हात कधीकधी एकाच दरबारातले होते, हे इतिहासाने लपवू नये. तरीही त्या पैशाला तकियाकडे वळवणारे कोणी होते, हेही तितकेच खरे.

या वळणामागे धर्माची शिकवण होती. जकातीचे हक्कदार कोण, हे कुरआनच्या सूरह तौबामध्ये सांगितले आहे. त्या आठ प्रकारांत शेवटी येतो ‘इब्नुस्सबील’, म्हणजे वाटेचा पुत्र. फुकहांनी याचा अर्थ असा लावला की, घरी श्रीमंत असलेला माणूसही वाटेत अडला, तर तो मदतीचा हक्कदार ठरतो. वाटेत पडलेल्या माणसाची गरज हाच त्याचा हक्क.

आधुनिक कायद्याने मात्र उलटी वाट धरली. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९ मध्ये ज्याच्याकडे उपजीविकेचे दिसेल असे साधन नाही आणि जो रस्त्यावर भटकतो, अशा माणसालाही भिकाऱ्याच्या व्याख्येत बसवले गेले. अशाला वर्षभराहून अधिक काळ डांबण्याची तरतूद झाली. सराईच्या जागी कोठडी आली. निवारा हा हक्क आहे, ही भाषा सरकारदरबारी ऐकू यायला २०१० उजाडावे लागले. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दर एक लाख नागरी लोकसंख्येमागे एक चोवीस तास चालणारा निवारा हवा, असे सांगितले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बेघरांच्या निवाऱ्याला स्वतंत्र स्थान मिळाले. २०११ च्या जनगणनेत औरंगाबादची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती. म्हणजे याच हिशेबाने शहराला किमान अकरा निवारे हवेत.

हा हिशेब कोरडा वाटत असेल, तर ८ मे २०२० ची पहाट आठवावी. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर टाळेबंदीत भुसावळच्या दिशेने रुळांवरून पायी निघाले होते. थकून ते करमाडजवळ रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली सोळाजण गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्या साऱ्या देशाने पाहिल्या. ज्या जिल्ह्यात तीनशे वर्षांपूर्वी परदेशी वाटसरूसाठी चक्की फिरत होती, त्याच जिल्ह्यात आपल्याच देशातल्या वाटसरूंना पाठ टेकायला जागा मिळाली नाही.

पाणचक्कीपासून थोड्याच अंतरावर घाटी रुग्णालय आहे. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून रुग्ण येतात, त्यांना खाट मिळते. त्यांचे नातेवाईक मात्र आवारात, ओट्यावर, झाडाखाली रात्र काढतात. तेही इब्नुस्सबीलच. रमजानमध्ये अशांना सहरी पोचवणारे तरुण ठिकठिकाणी दिसतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण शव्वालचा चांद दिसला की त्यांचे डबे थांबतात, भूक मात्र थांबत नाही.

वक्फचा विषय निघाला की आपल्याकडे जमीन, अतिक्रमण आणि खटले यांचीच चर्चा होते. ती आवश्यकच आहे. पण मालमत्ता राखायची ती कशासाठी, हे विसरले तर राखलेली मालमत्ता आणि गमावलेली मालमत्ता यांत फरक तो काय? वक्फच्या उत्पन्नातून रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एखादी सराई चालू शकते. मोहल्ल्याच्या जकातीतून महापालिकेच्या निवाऱ्याला अंथरूण, औषध, जेवण पुरवता येते. आणि जो येईल त्याची जात, धर्म न विचारणे, ही त्याची पहिली अट असावी.

शाह महमूद यांनी पाणी आणताना डोंगर किती दूर आहे, याची तक्रार केली नाही, नळ टाकले. आपल्या गावातल्या बेघरांसाठी आपण कोणता नळ टाकला, हे आता आपण एकमेकांना विचारायला हवे.