मॉरिशस : बाहेरून आलेल्यांचे बेट

सह्याद्रीचा काळा कातळ आणि हिंदी महासागरातील मॉरिशस बेट यांचे उगमस्थान एकच असल्याचे भूशास्त्रज्ञ सामान्यतः मानतात. पृथ्वीच्या पोटातून एकाच जागी वर येत राहणाऱ्या तप्त द्रव्याच्या झोताला ‘तप्तस्थळ’ म्हणतात. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत अशा एका तप्तस्थळावरून जात असताना, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचे पठार लाव्हारसाच्या थरांनी रचले गेले, आणि त्याच झोताने सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी सागरतळातून मॉरिशस वर आणले. कोणत्याही खंडाशी या बेटाचा जमिनीने संबंध आला नाही. त्यामुळे तेथे जी जीवसृष्टी वसली ती उडून, वाहून किंवा वाऱ्याबरोबर आलेली होती. वटवाघळांखेरीज एकही मूळचा सस्तन भूचर तेथे नव्हता. पालापाचोळा आणि फळे खाऊन बिया पसरवण्याचे काम दोन जातींची महाकासवे करीत, आणि कबुतराच्या कुळातील डोडो हा पक्षी, शिकाऱ्याचे भय नसल्याने, उडण्याची शक्ती गमावून जमिनीवरच घरटे करी.

अरब आणि पोर्तुगीज खलाशांना हे बेट ठाऊक होते, तरी त्याच्या जीवसृष्टीवर आघात झाला तो १५९८ मध्ये डच तेथे उतरल्यानंतर. नासाऊच्या मॉरिस राजपुत्रावरून त्यांनी बेटाला नाव दिले, १६३८ मध्ये वसाहत केली आणि आबनूस, म्हणजे टेंभुर्णीच्या कुळातील काळ्या, जड लाकडाची झाडे, तोडून निर्यात केली. १६३९ मध्ये जावाहून हरणे व ऊस आणला गेला. डुकरे, माकडे आणि उंदीर कधी मुद्दाम, तर कधी जहाजांतून नकळत आले. डोडोचा अंत केवळ शिकारीने झाला असे समजणे अपुरे आहे, कारण जमिनीवरची अंडी खाणारे हे नवे प्राणी माणसाच्या बंदुकीहून अधिक घातक ठरले. डोडोच्या दर्शनाची १६६२ मधील नोंद सामान्यतः शेवटची मानली जाते. तत्पूर्वी त्याचे काही नमुने भारतातही पोहोचले होते : पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने सुरतेत दोन डोडो पाहिल्याची नोंद केली आहे, आणि जहांगिराचा चित्रकार उस्ताद मन्सूर याच्या नावावर असलेले डोडोचे रंगीत चित्र आज सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे.

डचांनी १७१० मध्ये बेट सोडले आणि १७१५ मध्ये ते फ्रेंचांच्या ताब्यात आले. अन्नपाण्याविना महिनोन्‌महिने जिवंत राहणारी महाकासवे जहाजांच्या कोठारात ताज्या मांसाचा साठा म्हणून भरली जात राहिल्याने, पुढे दोन्ही जाती नामशेष झाल्या. मात्र याच काळात पिएर प्वाव्र या प्रशासकाने दोन गोष्टी केल्या, ज्यांचे महत्त्व आज अधिक जाणवते. एक, त्याने पाँपलमूस येथील बाग विकसित केली, जेथे डचांच्या मक्तेदारीतून निसटवून आणलेली लवंग आणि जायफळाची रोपे रुजवली गेली; दुसरी, १७६९ च्या नियमावलीने जमीनधारकांना आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा, विशेषतः डोंगरउतारांवर, वनाखाली राखण्याचे बंधन घातले, कारण झाडे पाऊस आणि माती धरून ठेवतात अशी त्याची धारणा होती.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकल्यावर उसाच्या लागवडीपुढे हे बंधन टिकले नाही. गुलामगिरी संपुष्टात येताच मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर आणले गेले, आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठीभाषकही होते. विवरातील पाणी साठून झालेल्या ग्रँ बासँ या तळ्याला या समाजांनी गंगातलाव मानले, आणि आजही महाशिवरात्रीला हजारो लोक पायी तेथे जातात. ऊस वाढला तसे मूळचे जंगल आटत गेले. आज चांगल्या स्थितीत उरलेले वन बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. १८६५ मध्ये मार ओ सोंज या दलदलीत जॉर्ज क्लार्क या शिक्षकाला डोडोची हाडे सापडली, आणि ज्याला काहीजण दंतकथा समजू लागले होते तो पक्षी विज्ञानाच्या अभ्यासाचा विषय झाला.

जे उरले होते त्याची जपणूक मात्र उशिरा सुरू झाली. जंगलतोड आणि हिवतापाविरुद्ध फवारलेले डीडीटी यांमुळे मॉरिशसची खरुची, हा छोटा शिकारी पक्षी, १९७४ मध्ये अवघ्या ४ ज्ञात पक्ष्यांवर येऊन ठेपली होती. कार्ल जोन्स या वेल्श शास्त्रज्ञाने १९७९ पासून अंडी कृत्रिमरीत्या उबवून, पिले वाढवून व रानात सोडून तिची संख्या शेकड्यांत नेली. गुलाबी कबुतर आणि तेथील हिरवा पोपटही अशाच प्रयत्नांनी तगले. १९९४ मध्ये स्थापन झालेले ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान या पक्ष्यांचे मुख्य आश्रयस्थान असून, पर्यटकांच्या पायवाटा त्याच दऱ्यांतून जातात.

बेटाच्या आग्नेयेस, माहेबुर्गजवळ, इल ओ एग्रेत हे २६ हेक्टरांचे प्रवाळ-चुनखडीचे बेटुक आहे, जेथे उंदीर नष्ट करून मूळची झाडे पुन्हा लावली गेली आणि पर्यटकांना मार्गदर्शकासोबतच प्रवेश मिळतो. तेथे २००० मध्ये सेशेल्सच्या अल्दाब्रा बेटावरील महाकासवे सोडण्यात आली, कारण मॉरिशसची कासवे गेल्याने आबनूसाच्या बिया मूळ झाडाखालीच पडून राहू लागल्या होत्या. पाँपलमूसच्या बागेतही याच जातीची कासवे आहेत. पण बागेत ती कुंपणाआड प्रेक्षकांसाठी ठेवली आहेत, तर बेटुकावर ती मोकळी हिंडतात, फळे खातात आणि गेलेल्या कासवांचे अपुरे राहिलेले काम पुढे चालवतात.