‘कोनिओ’ची ओळ कुठून आली?

शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 साली सुरू झालं. चार वर्षांनी बोरलँडचा टर्बो सी हा कंपाइलर बाजारात आला आणि वऱ्हाडातल्याच काय, देशभरातल्या प्रयोगशाळांत त्याच्या निळ्या पडद्याचं राज्य सुरू झालं. प्रॅक्टिकलच्या वहीत प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर दोन हेडर ठरलेली: एसटीडीआयओ, ज्याला पोरं सरळ ‘स्टुडिओ’ म्हणत, आणि कोनिओ.

‘स्टुडिओ’ सी भाषेच्या मानकातलं. कोनिओ डॉसच्या घरचं. त्यातलं ‘सीएलआरएससीआर’ पडदा पुसायचं आणि ‘गेटसीएच’ कळ दाबेपर्यंत उत्तर समोर थांबवून ठेवायचं. असा कोनिओवाला प्रोग्रॅम लिनक्सवर जीसीसी या कंपाइलरला दिला, की तो पहिल्याच फटक्यात सांगतो: अशी फाइल नाही.

गंमत म्हणजे, सी भाषेत हेडर जोडण्याची सोयच मुळात ऐच्छिक होती. 1973च्या सुमारास डेनिस रिचींच्या सीला प्रीप्रोसेसर मिळाला. त्यामागे ॲलन स्नायडर यांचा आग्रह होता, बीसीपीएल आणि पीएल-वन या भाषांचा धडाही होता. त्याला दोनच कामं यायची: फाइल आणून जोडणं आणि एका शब्दाच्या जागी दुसरा घालणं. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला ठरलेली खूण नसेल, तर काही वर्षं त्याला कुणी बोलावतही नसे. पुढे माइक लेस्क आणि जॉन रायझर यांच्या हातून त्यात अटी आल्या. ‘अमुक असेल तरच हे घे’, असं सांगता येऊ लागलं.

शब्दाच्या जागी शब्द, यातच पुढची भांडणं होती. आमच्या शेगावकडे वर्गात ‘गजानन’ पुकारलं तर दोघे-तिघे हजर म्हणतात. मास्तर आडनाव जोडून वाट काढतात. मॅक्रोला, म्हणजे अशा बदली घालायच्या शब्दाला, आडनाव नसतं. विंडोजच्या हेडरमधले ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ हे मॅक्रो सी++च्या त्याच नावाच्या फंक्शनांवर चाल करून जातात. त्यांना आवरायला ‘नोमिनमॅक्स’ आधीच लिहावं लागतं. लिनक्सवर जीसीसीच्या नेहमीच्या पद्धतीत ‘लिनक्स’ हा शब्दच 1 होतो. त्या नावाचा व्हेरिएबल केलात, तर कंपाइलरला दिसतो फक्त आकडा.

हे झालं नावांचं; कोनिओसारख्या नसलेल्या हेडरवर 1991मध्ये ऑटोकॉन्फचा उपाय निघाला: छोटा प्रोग्रॅम लिहून, कंपाइल करून, हवी ती गोष्ट यंत्रावर आहे का ते आधीच तपासायचं. सी++17मध्ये ‘हॅज-इन्क्लूड’ आलं, सी23नेही ते घेतलं. आता कोडमध्येच विचारता येतं: हेडर आहे का?

पण फाइल असणं म्हणजे काम होणं नव्हे. विंडोजवरच्या मिनजीडब्ल्यू या कंपाइलर-संचात कोनिओ आहे, सीएलआरएससीआर मात्र नाही. ते बोरलँडचं होतं. ‘हॅज-इन्क्लूड’ इथे हो म्हणेल आणि प्रोग्रॅम पुढे जाऊन अडेलच. म्हणून विचारायचं ते फाइलचं नाव नव्हे, हवं ते फंक्शन. आणि त्याहीआधी, ते खरंच हवंय का? दोन आकड्यांच्या बेरजेला पडदा पुसायची गरज कधीच नव्हती.