नामवंतांचे बंद घर

घराच्या भिंती जशा ऊनपाऊस अडवतात, तशाच त्या परक्याची दृष्टीही अडवतात. माजघरातला शब्द ओसरीवर जाऊ नये, हा जुन्या कुटुंबांचा दंडकच होता. गेल्या पाव शतकात मात्र याच्या नेमक्या उलट हेतूने उभारलेले एक घर अनेक देशांत आणि अनेक भाषांत नांदू लागले आहे. त्यात राहणाऱ्यांना बाहेरचे काहीच दिसत नाही. बाहेरच्यांना मात्र आतले सारे दिसते, निदान दिसल्यासारखे वाटते. ‘बिग ब्रदर’ आणि त्याचा भारतीय अवतार ‘बिग बॉस’ या नावांनी हा खेळ ओळखला जातो. नाव कमावलेली माणसे अशा घरात का जातात, तेथे त्यांचे काय होते आणि पाहणाऱ्याच्या हाती शेवटी काय लागते, हे प्रश्न वरवर करमणुकीचे वाटले, तरी त्यांची उत्तरे गंभीर आहेत. ती या घराच्या इतिहासातच सापडतात.

‘बिग ब्रदर’ हे नाव आले ते जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाच्या कादंबरीतून. 1949 साली प्रसिद्ध झालेल्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या त्या कादंबरीत प्रत्येक नागरिकावर अहोरात्र नजर ठेवणारी एक सत्ता आहे आणि ‘थोरला भाऊ’ हा तिचा मुखवटा आहे. लेखकाने ते चित्र धोक्याची सूचना म्हणून रंगवले होते. पुरती पन्नास वर्षे लोटली आणि त्याच नावाने लोक आपण होऊन, करारावर सही करून, त्या नजरेखाली राहावयास गेले.

मधल्या काळात दोन घटना घडल्या. पहिली अमेरिकेतली. 1971 साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे लाउड नावाच्या एका कुटुंबाच्या घरी चित्रण करणारी मंडळी जाऊ लागली. सुमारे तीनशे तासांचे चित्रण झाले आणि 1973 साली त्यातून काढलेले बारा भाग ‘अॅन अमेरिकन फॅमिली’ या नावाने दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आले. त्या पतिपत्नींचा संसार मोडताना सबंध देशाने पाहिला. पुढे त्या कुटुंबाने तक्रार केली, ती अशी की, दाखवले ते खोटे नव्हते. पण जे वगळले त्यामुळे आमचे चित्र विपरीत झाले. तीनशे तासांतून बारा तास निवडणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता येते, याची ती पहिली मोठी जाणीव होती. पुढल्या सर्व इतिहासाचे बीज या एका तक्रारीत आहे.

दुसरी घटना विज्ञानाच्या क्षेत्रातली. 1991 साली अॅरिझोनाच्या वाळवंटात ‘बायोस्फियर 2’ नावाच्या काचेच्या प्रचंड इमारतीत आठ स्त्रीपुरुष दोन वर्षांसाठी बंद झाले. अन्न, हवा, पाणी यांचे चक्र आतल्या आत चालवता येते काय, हे त्यांना पाहावयाचे होते. परंतु जगाचे कुतूहल चाळवले ते त्या आठ जणांत पडलेल्या तटांनी! जॉन द मोल या डच निर्मात्याच्या मंडळींना 1997 साली जी कल्पना सुचली, तिच्यामागे या प्रयोगाची स्मृती होती. विज्ञान वजा करावे, माणसे तेवढी ठेवावीत, असा तो सरळ हिशेब होता.

16 सप्टेंबर 1999 रोजी हॉलंडमधील अल्मेर येथे पहिले ‘बिग ब्रदर’ सुरू झाले आणि त्या वर्षाअखेर संपले. आत गेलेली माणसे सामान्य होती आणि बक्षीस होते अडीच लाख गिल्डरचे. पुढच्याच वर्षी हा खेळ जर्मनी, इंग्लंड, अमेरिका अशा देशांत पोहोचला. जर्मनीत मानवी प्रतिष्ठेचा प्रश्न उपस्थित झाला आणि अधिकाऱ्यांच्या आग्रहावरून रहिवाशांना दिवसातून एक तास कॅमेऱ्याविना राहण्याची सवलत द्यावी लागली. माणसाला एकांत रेशनवर द्यावा लागतो, ही गोष्टच त्या घराचे स्वरूप सांगून जाते.

आता या घराची रचना पाहू. बैठकीच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत जागोजाग कॅमेरे असतात. अनेक आरसे दुतर्फी काचेचे असून त्यांच्यामागच्या अंधाऱ्या बोळांतून चित्रण करणारी माणसे हिंडत असतात. प्रत्येकाच्या अंगावर ध्वनिग्राहक असतो. घरात घड्याळ नाही, वृत्तपत्र नाही, दूरध्वनी नाही. हे तुटलेपण किती पुरते असते, याचे उदाहरण 2020 सालचे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत जर्मनीतील घरात गेलेल्या माणसांना करोनाच्या साथीने बाहेरचे जग ठप्प झाल्याचे 17 मार्चपर्यंत ठाऊकच नव्हते.

बाहेरचे जग असे पुसले गेले म्हणजे आतले जग आपोआप मोठे होते. शिधा मोजका मिळतो, नोकरचाकर नसतात, भांडी घासण्यापासून स्वयंपाकापर्यंत सारे आपसांत वाटून घ्यावे लागते. ज्यांच्या मागेपुढे एरव्ही चार माणसे धावतात, त्यांच्यात पोळ्या कोणी किती खाल्ल्या यावरून कडाक्याचे भांडण जुंपते. भारतीय घरात दिवसा कोणी डोळा मिटला, तर लगेच कर्कश आवाज करून त्याला उठवतात. त्यातच दर आठवड्याला प्रत्येकाने सहनिवासी मंडळींपैकी कोणाला बाहेर काढावे, त्यांची नावे सुचवावयाची असतात. ज्याच्याबरोबर सकाळी चहा घेतला, त्याच्याविरुद्ध दुपारी कारण सांगावे लागते. नावे आलेल्यांपैकी कोण राहणार, हे प्रेक्षकांच्या मतांवर ठरते. संवाद कोणी लिहून दिलेले नसले, तरी प्रसंग योजलेले असतात. भूक, झोपमोड, कंटाळा आणि संशय यांच्या चुलीवर माणसाचा स्वभाव किती वेळात उतू जातो, हाच येथे पाहण्याचा विषय असतो.

इंग्लंडमध्ये नामवंतांचा प्रवेश झाला तो 2001 सालच्या मार्च महिन्यात. एका धर्मादाय निधीसाठी सहा प्रसिद्ध व्यक्ती आठ दिवस त्या घरात राहिल्या आणि विनोदी नट जॅक डी विजयी झाला. हेतू परोपकाराचा होता. पण त्यातून एक व्यावहारिक शोध लागला. सामान्य माणूस या घरात प्रसिद्धी मिळवण्यासाठी जातो, तर नामवंत माणूस असलेली प्रसिद्धी पणाला लावतो. पडद्यावरच्या देखण्या मुखवट्यामागे काय आहे, हे पाहण्याची उत्सुकता अनोळखी माणसाविषयीच्या उत्सुकतेहून कितीतरी अधिक असते. नामवंतालाही गरज असतेच. कोणाची कामे आटलेली असतात, कोणाला डाग धुवावयाचा असतो, कोणाला मानधन हवे असते. हे मानधन बहुधा आठवड्यांच्या हिशेबाने ठरते. म्हणजे जितके दिवस टिकाल तितकी मिळकत अधिक. कीर्ती येथे नाण्यासारखी वटवली जाते आणि वटवताना झिजतेही.

या झिजेचा खरा अर्थ 2007 साली कळला. जेड गुडी ही लंडनच्या बर्मंडसी भागातली, दंतवैद्याकडे मदतनीस असलेली मुलगी 2002 साली ‘बिग ब्रदर’मध्ये आली होती. तिच्या अज्ञानाची वृत्तपत्रांनी क्रूर थट्टा केली; पण त्याच थट्टेतून ती प्रसिद्ध आणि श्रीमंतही झाली. जानेवारी 2007 मध्ये ती नामवंत म्हणून त्याच घरात परतली. तेथे भारतीय अभिनेत्री शिल्पा शेट्टी होती. सूपात घालावयाच्या मसाल्याच्या एका वडीवरून भांडण पेटले आणि जेडने तिला ‘शिल्पा पापडम’ म्हटले. शिल्पाचे उच्चार, तिचा स्वयंपाक, तिचे भारतीयपण यांवर काही जणींनी जे शेरे मारले, त्यांविरुद्ध सुमारे 44,500 तक्रारी इंग्लंडच्या प्रसारण नियामक संस्थेकडे आल्या. पाटण्यात निषेधाचे पुतळे जळाले. त्याच वेळी भारतात आलेले ब्रिटिश अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांना पत्रकारांनी यावर प्रश्न विचारले. प्रायोजक कंपनीने अंग काढून घेतले. जेड 82 टक्के मतांनी बाहेर गेली आणि त्या रात्री नेहमीप्रमाणे गर्दीही जमवण्यात आली नाही. 28 जानेवारीला शिल्पा विजयी झाली.

वंशद्वेषाचे ते शब्द निषेधार्ह होते, यात संशय नाही. परंतु नियामक संस्थेने मे महिन्यात निकाल दिला तो जेडविरुद्ध नव्हे, तर वाहिनीविरुद्ध. प्रसारणाच्या संहितेचा भंग झाला, असे ठरवून तो निष्कर्ष वाहिनीने पडद्यावर जाहीर करावा, असा आदेश तिने दिला. चौकशीत न दाखवलेल्या चित्रणातले प्रसंगही पुढे आले. काय घडले, त्यापैकी काय दाखवायचे आणि घडत असताना ते कोणी थांबवायचे, याची जबाबदारी अखेर घर बांधणाऱ्यांवर येते, हे त्या निकालाने नोंदवले. लोकांच्या रागाने मात्र दुसरीच वाट धरली. पाच वर्षांपूर्वी जिच्या अज्ञानावर ज्यांनी पैसा कमावला, तेच आता तिच्या अज्ञानाचा धिक्कार करू लागले.

या कथेचा पुढचा भाग भारतात घडला. ‘बिग बॉस’चे पहिले पर्व 3 नोव्हेंबर 2006 रोजी हिंदीत सुरू झाले होते आणि ‘आशिकी’ चित्रपटाचा नायक राहुल रॉय त्यात जिंकला होता. 2008 सालच्या दुसऱ्या पर्वाची सूत्रधार खुद्द शिल्पा शेट्टी होती आणि त्या घरात जेड गुडी आली! झाल्या गोष्टीचे परिमार्जन व्हावे, असा तिचा प्रयत्न होता. ती आत गेल्यानंतर दोन दिवसांच्या आतच तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याचे घरातच कळवण्यात आले आणि ती मायदेशी परतली. 22 मार्च 2009 रोजी, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी ती वारली. तिचे दुखणेही कॅमेऱ्यांपुढेच चालले. मुलांसाठी पैसा ठेवावयाचा आहे, असे ती उघड सांगे. तिच्या आजाराच्या बातम्यांमुळे इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा सुमारे पाच लाख अधिक तपासण्या झाल्या. एका स्त्रीला उपहासाचा, संतापाचा आणि करुणेचा विषय बनवणारी नजर एकच होती, हे विसरता येत नाही.

भारतात हे घर झपाट्याने भाषाभाषांत पसरले. 2013 साली कानडी व बंगाली, 2017 साली तमिळ व तेलुगू आणि 2018 साली मराठी व मल्याळी अशी त्याची रूपे आली. बेळगाव किंवा हैदराबाद येथील प्रेक्षकाला एकाच खेळाचे दोन-तीन भाषांतले संसार शेजारी शेजारी पाहता येतात. लोणावळ्याच्या घरात 15 एप्रिल 2018 रोजी सुरू झालेल्या मराठी पर्वाचे सूत्रधार महेश मांजरेकर होते आणि मेघा धाडे विजयी झाल्या. 2024 साली रितेश देशमुख सूत्रधार असताना बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण जिंकला. त्याचे नाव झाले होते ते मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींतून. 2006 साली नामवंत म्हणजे सिनेमा-नाटकातला माणूस, असा संकेत होता. अठरा वर्षांत त्या शब्दाचा अर्थ किती पालटला, हे या निवडीवरून दिसते.

मराठी रूपातली एक गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे. आठवड्याच्या शेवटी सूत्रधार येऊन सर्वांची झडती घेतो, त्या भागाला काही पर्वांत ‘चावडी’ असे नाव होते. नाव गोड आहे आणि मराठी मनाला ते चटकन भिडते. परंतु गावच्या चावडीवर वादी आणि प्रतिवादी समोरासमोर असत. पंचांनी त्या दोघांना वर्षानुवर्षे पाहिलेले असे आणि सुनावणी सर्वांच्या देखत होई. पडद्यावरच्या चावडीत पंच आहेत लाखो. पण त्यांच्यापुढे आलेला पुरावा चोवीस तासांतून निवडलेल्या तासाभराचा आहे. हसणे कोणत्या वाक्यानंतर ठेवायचे, रडण्यामागचे कारण दाखवायचे की नाही, पार्श्वसंगीत कोणते वाजवायचे, हे सारे तिसऱ्याच खोलीत ठरते. लाउड कुटुंबाने 1973 साली केलेली तक्रार आजही जशीच्या तशी उभी आहे.

म्हणून हा खेळ पाहू नये, असे म्हणण्याचे कारण नाही. माणसाला माणसाविषयी वाटणारे कुतूहल जुने आहे आणि ते निंद्य नाही. अडचणीच्या जागी कोण संयम राखतो, कोण दुबळ्याच्या बाजूने उभा राहतो, हे कधी कधी त्या घरातही खरोखर दिसते. फक्त पाहणे आणि न्याय देणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढे भान हवे. मतदानाचा हक्क प्रेक्षकाला मिळाला आहे; साक्षीपुरावा तपासण्याचा मात्र मिळालेला नाही. ज्या न्यायाधीशापुढे निवडक कागदच येतात, त्याने शिक्षा सुनावताना हात आखडता घ्यावा, हेच शहाणपणाचे. पर्व संपते, घर मोडून नवे उभारले जाते, बाहेर पडलेला माणूस मात्र त्या एका तासात दिसला तसाच लोकांच्या मनात पुढे कित्येक वर्षे राहतो. त्याचे उरलेले तेवीस तास कोणीच पाहिलेले नसतात.