उज्जयिनीतली घरफोडी

परदेशी निघालेल्या माणसाला विमानात बसल्यावरही एकच घोर असतो, मागे राहिलेल्या घराचा. कुलूप नीट लागले ना, किल्ली योग्य माणसाकडे दिली ना? आपल्या गोव्यात तर हा घोर घरोघरीचा. आखातात, लिस्बनला, इंग्लंडला गेलेल्यांची बंद घरे वाड्यावाड्यावर दिसतात. हा घोर किती जुना आहे ते पाहायचे तर मला उज्जैनला जावेसे वाटते.

उज्जयिनी हे जुने व्यापारी शहर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तिचे नाव 'ओझेने' असे येते. तिथला माल भडोच बंदरात जाई आणि तिथून समुद्रापार. तांडे घेऊन निघालेले सार्थवाह महिनोन् महिने घराबाहेर असत. पेढीतली तिजोरी नव्हती, म्हणून चीजवस्तू विश्वासू माणसाकडे ठेवायची. याला न्यास किंवा निक्षेप म्हणत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात त्याचे नियमच दिलेले आहेत.

शूद्रकाचे 'मृच्छकटिक' याच शहरात घडते. देवलांच्या संगीत नाटकामुळे ते आपल्याला घरचेच वाटते. चारुदत्त हा सार्थवाहांच्या कुळातला, पण आता निर्धन. वसंतसेना आपले दागिने त्याच्याकडे ठेवायला देते. हे पडके घर ठेव ठेवण्याजोगे नाही, असे तो म्हणतो. तिचे उत्तर असे, की ठेव घरावर नव्हे, माणसावर विश्वासून ठेवायची असते.

मग तिसऱ्या अंकात शर्विलक येतो. पाण्याने भिजून कच्ची झालेली भिंत शोधतो, मापाची दोरी विसरला म्हणून जानव्यानेच माप घेतो आणि भिंतीला भोक पाडतो. आत मृदंग, वीणा, पोथ्या. चोरण्यासारखे काहीच नाही! तेवढ्यात मैत्रेय झोपेत त्यालाच चारुदत्त समजून दागिन्यांची पेटी त्याच्या हातात देतो. म्हणजे भिंत फुटली, पण ठेव गेली ती राखणदाराच्याच हातून.

खरी गोष्ट पुढे आहे. चोराने, पुराने किंवा आगीने नेलेली ठेव भरून द्यावी लागत नाही, असे मनू सांगतो. कायद्याने चारुदत्त मोकळा होता. पण गरिबाच्या घरी चोरी झाली हे कोणाला पटणार? म्हणून त्याची पत्नी धूता आपली रत्नमाला काढून देते. कायदा जिथे संपतो तिथे त्या घराची अब्रू सुरू होते.

उज्जैन आपल्याला परके नाही. महाकालाचे देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभे केले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. महादजींचे सेनापती जिवबादादा केरकर तर पेडण्यातल्या केरीचे. अशी माणसे मुलूख सोडून जात तेव्हा एकत्र कुटुंबात मागे कोणीतरी दिवा लावायला असे. आज तोच माणूस उरलेला नाही.

आणि आजचा शर्विलक भिंत फोडत नाही, तो कागद बनवतो. बनावट दस्तऐवज करून परस्पर जमिनी आणि घरे लाटल्याची प्रकरणे इतकी वाढली की २०२२ साली गोवा सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. त्याच वर्षी निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही नेमला गेला. मालक हयात नाही किंवा दूरदेशी आहे, अशाच मालमत्तांवर या लोकांचा डोळा.

तेव्हा कुलूप लावा, कॅमेराही बसवा. पण एक-चौदाचा उतारा अधूनमधून काढून पाहा, मयत वडीलधाऱ्यांच्या नावावरची मालमत्ता वेळीच वारसांच्या नावावर करून घ्या, आणि किल्ली देताना शेजाऱ्याचे घर नको, माणूस पाहा. तो सापडला तर त्याला जपा. आपण परतेपर्यंत आपली ठेव त्याच्या झोपेवर अवलंबून असते!