समाजकार्य पदवीधरांची व्यवसायक्षेत्रे

समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण भारतात 1936 साली मुंबईत सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघालेली ती संस्था आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था 1963 ची. नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यातील विद्यार्थ्यांना बी.एस.डब्ल्यू. व एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदवी व पदव्युत्तर पदवी) यांसाठी नाशिकला जाता येते.

कारखान्यातील कामगार कल्याण अधिकारी ही या पदवीची जुनी वाट. 1948 च्या कारखाने अधिनियमाने 500 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना हे पद बंधनकारक केले. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवक, परिवीक्षा अधिकारी, समुपदेशक ही पुढची क्षेत्रे.

बालसंरक्षणाचे काम नांदगाव तालुक्यात जवळून दिसते, कारण मनमाड जंक्शन याच तालुक्यात आहे. स्थानकावर एकटे मूल सापडले, तर 2015 च्या बालन्याय अधिनियमानुसार प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. सामाजिक तपासणीला मुदत 15 दिवसांची. मूल घरून का निघाले, परत पाठवणे सुरक्षित आहे का, हे त्यातून ठरते. ही तपासणी कागदोपत्री उरकणे म्हणजे मुलाला पुन्हा धोक्यात लोटणे.

दुष्काळप्रवण भागात पाणलोट विकास व बचत गटांची कामेही मिळतात. मात्र स्वयंसेवी संस्थांतील बरीच पदे प्रकल्पापुरती, कंत्राटी असतात. अशा वेळी हाताशी चांगला अनुभव असावा म्हणून प्रवेश घेतानाच क्षेत्रकार्य (प्रत्यक्ष कामाचा सराव) कोठे व कोणाच्या मार्गदर्शनाखाली होणार, याची चौकशी विद्यार्थ्याने अवश्य करावी.