दोर फांदीला, माणसाला नाही

मे महिन्यात दोन दिवस सुट्टी टाकून बिद्रीला गेलो होतो. कोल्हापूरहून गारगोटीकडे जाताना आधी साखर कारखान्याची चिमणी दिसते, मग आमचं गाव. घरामागच्या आंब्याची एक जाडजूड फांदी चुलत्यांच्या कौलांवर आली होती. पावसाच्या आत ती काढायची म्हणून तात्यांनी शेजारच्या गावातून एका मामांना बोलावलं होतं. वय साठीच्या आसपास. चप्पल बुंध्याशी काढली, धोतर खोचलं, कमरेला कोयता अडकवला आणि माणूस बघता बघता वीस-पंचवीस फुटांवर! खाली त्यांचा भाचा कासरा धरून उभा.

आता आमच्यासारख्या इंजिनियर लोकांना कुठेही दोर दिसला की "सेफ्टी" आठवते. मी खालून ओरडलो, "मामा, दोर कमरेला बांधा की!"

वरून उत्तर आलं, "दोर फांदीला बांधायचा असतोय. मानसाला कशाला? फांदीला अक्कल न्हाई, कुठंबी पडंल. मानसाला हाय की."

सगळे हसले, मीही हसलो. पण पुण्याला परत येताना यष्टीत तेच वाक्य डोक्यात फिरत होतं. शनिवार-रविवार मोकळा होता, म्हणून झाड तोडणाऱ्या माणसाचा इतिहास कुठे सापडतो का ते शोधायला बसलो. झाडाचा इतिहास भरपूर सापडला. माणसाचा शोधताना मात्र दमछाक झाली.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. व्हॉट्सअ‍ॅपवर दर पर्यावरण दिनाला "शिवाजी महाराजांचं झाडांविषयीचं पत्र" फिरतं, ते तुम्हालाही आलं असेल. त्यातला मजकूर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातल्या आरमाराच्या प्रकरणातला आहे. आज्ञापत्र लिहिलं गेलं १७१५ साली, कोल्हापूरच्या संभाजी राजांसाठी, म्हणजे शिवाजी महाराजांनंतर पस्तीस वर्षांनी. धोरण महाराजांच्या काळचं असेल, पण कागद अमात्यांचा. आशय असा, की आरमाराला लाकूड लागतं, तर सागवान वगैरे रानातून परवानगीने तोडावं. आंबा, फणस ही झाडंही कामाची, पण त्यांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडावं. जबरदस्ती नको.

तीनशे वर्षांपूर्वीचं हे लिखाण आजच्या कुठल्याही सरकारी परिपत्रकाच्या तोंडात मारेल असं आहे. झाडाचा विचार आहे, मालकाचा आहे, राज्याच्या गरजेचा आहे. पण ते झाड तोडायला वर कोण चढणार होता? त्याच्याबद्दल एक शब्द नाही. अमात्यांना दोष देण्यात अर्थ नाही, तो काळच तसा होता. गंमत अशी, की नंतरही तो सहजासहजी आला नाही.

घाटाखाली, कोकणात, चढणं हाच पोटापाण्याचा धंदा असलेली माणसं पिढ्यान् पिढ्या होती. माडी काढणारे भंडारी, नारळ पाडणारे पाडेली, गोव्यातले रेंदेर. माडाला फांदी नसते, म्हणजे पकडायला काही नाही. खोडाला पायऱ्यांसारख्या खाचा पाडायच्या किंवा दोन्ही पायांत दोरीचं वेटोळं अडकवून बेडकासारखं वर सरकायचं. माडी काढणाऱ्याला तर हे रोज करावं लागतं, एकाच माडावर, पावसाळ्यात बुळबुळीत झालेल्या खोडावरसुद्धा. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला आणि इंग्रज सरकारने माडी काढायच्या प्रत्येक झाडावर कर बसवला. कर म्हटला की मोजणी आली. किती झाडं, कुणाची, कर भरला का नाही, सगळं वहीत. त्यावर चढणाऱ्यांपैकी किती खाली पडले, याचा रकाना काही कुणाला सुचला नाही. (डेटाबेसमध्ये जो कॉलमच नाही, त्याची क्वेरी कशी मारणार?)

देशावर चित्र वेगळं. इथे झाडावर चढणं हा स्वतंत्र धंदा असा नव्हताच. शेतात राबणाराच माणूस उन्हाळ्यात कुऱ्हाड घेऊन झाडावर जायचा. हत्यारं मोजकी. बारीक डहाळ्यांना कोयता, फांदीला कुऱ्हाड, खोड आडवं झालं की दोघांनी ओढायची लांब करवत. आणि बैलाचा कासरा किंवा विहिरीच्या मोटेचा नाडा. मोटा गेल्या, पण ते दोर बरीच वर्षं झाडं पाडायला वापरले जात होते, असं तात्या सांगतात.

मग आलं कटर मशीन. शहरात त्याला चेनसॉ म्हणतात, आमच्याकडे नुसतं "कटर". या यंत्राचं मूळ मात्र जंगलात नाही, दवाखान्यात आहे! अठराव्या शतकाच्या शेवटी जॉन एटकन आणि जेम्स जेफ्रे या दोन स्कॉटिश डॉक्टरांनी हाड कापायला दातेरी साखळीची करवत वापरली होती, त्यात अडलेल्या बाळंतिणीची शस्त्रक्रियाही आली. अर्थात ती हाताने ओढायची आणि अगदी छोटी. लाकूडतोडीसाठी आंद्रेआस श्टीलने जर्मनीत १९२६ ला विजेवर चालणारी आणि १९२९ ला पेट्रोलवरची करवत आणली. ती धरायला दोन माणसं लागत. एका माणसाने चालवायची पेट्रोल करवत त्याच कंपनीने १९५० मध्ये काढली आणि तिथून खरा फरक पडला, कारण आता ती झाडावर नेता येणार होती.

फरक चांगला की वाईट? कुऱ्हाडीने माणूस दमतो, पण कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या अंगावर उलटी उसळत नाही. कटरच्या पात्याचं टोक लाकडात अडकलं की अख्खं मशीन क्षणार्धात तोंडाकडे उसळतं. यासाठी १९७० च्या दशकात साखळीला आपोआप लागणारा ब्रेक आला. पण ब्रेक असून उपयोग काय, जर माणूस एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने कटर चालवत असेल? कटरला दोन हात लागतात. म्हणजे झाडाला धरायला तिसरा हात हवा, आणि तो तिसरा हात म्हणजेच दोर! मामांचा हिशोब कुऱ्हाडीच्या जमान्यातला होता, तेव्हा एक हात आणि दोन पाय झाडाला असायचे. भाचा मात्र आता कटर घेऊन चढतो, आणि मामांच्याच हिशोबाने चढतो. मला भीती वाटली ती याची.

इतरत्र हे कसं सुटलं? १९३१ साली कार्ल प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने एक गाठ लोकांसमोर मांडली. जाड दोराभोवती बारीक दोरीचे वेढे घ्यायचे. भार नसला की गाठ वर-खाली सरकते, भार आला की करकचून धरते. यंत्र नाही, बॅटरी नाही, नुसतं घर्षण. सह्याद्रीत कडे चढणाऱ्या आपल्या पोरांना ही गाठ चांगली माहीत आहे. तिकडे झाडांवर काम करणाऱ्यांनीही असल्याच सरकत्या गाठींवर लटकून दोन्ही हात मोकळे केले. अमेरिकेत झाडांच्या कामात विशीतला मुलगा गमावलेल्या एका आईने हा विषय लावून धरला, १९६८ मध्ये त्यासाठी समिती बसली आणि १९७२ मध्ये झाडकामाच्या सुरक्षेचे पहिले लेखी नियम छापले गेले. अमेरिकेसारख्या देशातही आधी कुणाचा तरी पोरगा जावा लागला.

तिथलाच दुसरा माणूस अ‍ॅलेक्स शिगो. त्यांच्या वनखात्यातल्या या संशोधकाने कटरने हजारो झाडं उभी चिरून आत पाहिलं आणि १९७७ मध्ये मांडणी केली, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नसते. झाड सडलेल्या भागाभोवती भिंती घालून तो कोंडून टाकतं. (आमच्या भाषेत फायरवॉल!) फांदी जिथे खोडाला मिळते तिथे फुगीर कडं असतं. ते कडं ठेवून कापलं तर भिंत नीट बनते, खोडासपाट कापलं तर कूज आत शिरते. त्याआधी झाडांचे डॉक्टर म्हणवणारे लोक ढोलीत चक्क सिमेंट भरायचे.

आता मामांनी काय केलं ते ऐका. वरून घाव घालायच्या आधी त्यांनी फांदीला खालून एक घाव दिला. का, तर फांदी मोडताना खोडाची साल सोलत खाली जाऊ नये. परदेशी पुस्तकांत हे पहिल्या धड्यात असतं. मामांनी पुस्तक पाहिलेलं नाही. शेवटचा काप मात्र खोडासपाट घेतला आणि "कसं गुळगुळीत झालं!" म्हणून हात फिरवला. मी गप्प बसलो. तेव्हा मलाही शिगो माहीत नव्हता.

राहता राहिले कायदे. १९६४ चा झाडं तोडण्याच्या नियमनाचा कायदा आंबा, फणस, साग, जांभूळ, चंदन अशा झाडांना परवानगीशिवाय हात लावू देत नाही. अमात्यांची यादीच जणू पुढे चालू. १९७५ चा नागरी भागासाठीचा कायदा वृक्ष प्राधिकरण आणि झाडांची गणना घेऊन आला आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांपुढच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला. हे सगळं हवंच, माझी काही तक्रार नाही. पण आमच्या कारखान्याच्या चिमणीवर चढणाऱ्या माणसासाठी १९४८ च्या कारखाने कायद्याचं ३२ वं कलम होतं. जिथून पडण्याची शक्यता आहे अशा उंचीवर काम असेल तर कठडा किंवा दुसरी सोय करा, असं सांगणारं. तो कायदा नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितेत गेला, तरी तत्त्व तेच. त्याच चिमणीच्या सावलीतल्या आंब्यावर चढणारा रोजंदार मात्र त्या कलमात बसत नव्हता.

आणखी एक मासला. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. उंचावरून पडून शेतकरी दगावला तर घरच्यांना दोन लाख मिळतात. अट अशी, की सातबाऱ्यावर नाव हवं, नाहीतर त्या खातेदाराच्या घरातलं तरी असायला हवं. म्हणजे आमच्या आंब्यावरून तात्या पडले तर योजना लागू. मामा पडले तर नाही, कारण मामांना जमीन नाही. आणि जमीन असलेला माणूस सहसा झाडावर चढत नाही, तो खाली उभा राहून "जरा डावीकडनं घे" म्हणतो. त्या दिवशी मीही तेच करत होतो.

मामा पूर्वी एकदा पडलेत. चिंचेवरून, कुणाच्या तरी बांधावर. कमरेला मार लागला, चार महिने घरात. मालकाने काय दिलं विचारल्यावर म्हणाले, "लाकूड दिलं की जळणाला."

असो. गेल्या महिन्यात पगार झाल्यावर ट्रेकिंगच्या दुकानातून एक हार्नेस, हेल्मेट आणि चाळीस मीटर दोर घेतला आणि गावी नेला. मामांनी हार्नेसकडे पाहिलंसुद्धा नाही. दोर मात्र हातात घेऊन ओढून पाहिला, पीळ बघितला, किंमत विचारली आणि ऐकून दोनदा विचारली. मग म्हणाले, "ह्यो झकास हाय. फांदीला वापरू."

भाच्याने मात्र अंगणात हार्नेस अडकवून बघितला. प्रुसिकची गाठ त्याला तीन वेळा दाखवावी लागली, चौथ्यांदा त्याने मलाच माझी चूक दाखवली. घराच्या तुळईला लटकून झोके घेऊन झाले, पोरांनी फोटो काढले. झाडावर तो ते घालून चढेल का, सांगता येत नाही, कारण त्याने रोज मिळणाऱ्या वेळेचा हिशोब लगेच मांडला. हार्नेस घालायला दहा मिनिटं, प्रत्येक फांदीला दोर बदलायला पाच, आणि पैसे तर झाडामागे. मग तेवढ्या वेळाचे पैसे मालकानेच द्यायला हवेत, नाही का? तात्यांना मी हे सांगून ठेवलंय. ते "बघू" म्हणालेत.

परड्यातल्या कडुलिंबाची विजेच्या तारेकडची फांदी अजून राहिली आहे. आधी वीज मंडळाच्या माणसाला सांगून लाइन बंद करून घ्यायची, मग भाचा चढणार. पुढच्या शनिवारी मी जातोय.